खानदानी फ्युनरल होम आणि 'खास तुमच्यासाठी' निरोप : आधार की धंदा?

निवांत :
मित्राचे वडील गेले. घरच्यांनी सगळं एका फ्युनरल होमकडे (देह नेण्यापासून अंत्यविधी, शोकसभेपर्यंत सगळी व्यवस्था पैसे घेऊन करतात ते) सोपवलं होतं, खानदानी, म्हणजे आजोबांनी सुरू केलेलं आणि आता नातू बघतो असं. मी दोन दिवस तिथेच होतो. काका आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करायचे. तो नातू आला, पाऊण तास काहीही न लिहिता फक्त ऐकत बसला आणि दुसऱ्या दिवशी शोकसभेच्या हॉलमधे बघतो तर काकांचं कामाचं टेबल जसंच्या तसं मांडलेलं, भिंग, चिमटे, आणि मागे सहा घड्याळं चालू, प्रत्येकात वेगळी वेळ. काकूंनी विचारलं अरे ही नीट तरी लावायची, तर तो म्हणाला तुमच्या मुलानेच सांगितलं की दुकानात कधीच सगळी बरोबर नसायची. काकू त्या दोन दिवसात पहिल्यांदा हसल्या.
मला हे फार आवडलं. पण तिथेच मित्राचा एक चुलतभाऊ कानात म्हणाला, हे सगळं नाटक बिलात लागणार बघ. तेव्हापासून डोक्यात घोळतंय. तुम्हाला काय वाटतं?

तिरकस :
चुलतभाऊ शहाणा आहे.
घड्याळांची आयडिया कोणाची? मुलाची. घड्याळं कोणाची? काकांची. मग त्या नातवाने नक्की काय केलं, टेबल उचलून आणलं? ह्याला पर्सनलाइज्ड सर्विस म्हणायचं आणि पैसे घ्यायचे.
मुद्दा साधा आहे. माणूस हे गिऱ्हाईकपण आयुष्यात फार तर दोनतीनदा करतो, तेही झोप नसताना, रडून डोळे सुजलेले असताना आणि उद्याच्या उद्या सगळं उरकायचं असताना. साधा फोन घ्यायचा तरी आपण चार दुकानं फिरतो, इथे कोणी फिरतं का? आणि घासाघीस केली तर बापाच्या मरणात पैसे बघतो म्हणणारे नातेवाईक शेजारीच बसलेले असतात. अमेरिकेत १९८४ पासून ह्यासाठी वेगळा नियमच आहे, ह्यांनी प्रत्येक गोष्टीची किंमत सुटी सुटी लेखी द्यायची, फोनवर विचारलं तरी सांगायची, शवपेटी बाहेरून आणली तर नाही म्हणायचं नाही, आणि एम्बामिंग, म्हणजे देह टिकावा म्हणून त्यात रसायनं भरणं, कायद्याने सक्तीचं आहे अशी थाप मारायची नाही. आता ज्या धंद्यात कोणी थापच मारत नव्हतं तिथे असा नियम कशाला लागला असता हो?

वहीतलं_पान :
तिरकस, नियमाबद्दल सहमत, बाकी नाही.
माझी आई गेली तेव्हा आम्ही मोठ्या, चकाचक ठिकाणी गेलो होतो, जिथे रिसेप्शनवर टोकन मिळतं तसं. सभेत बोलणाऱ्या माणसाने आईचं नाव तीन वेळा चुकवलं, तिसऱ्यांदा मी उभी राहून सांगितलं. आणि तो जे बोलला ते कोणाच्याही आईबद्दल चाललं असतं, प्रेमळ होत्या, कुटुंबवत्सल होत्या, बागकामाची आवड होती. आईने आयुष्यात एक कुंडी जगवली नाही. कुठल्या तरी दुसऱ्या बाईचा कागद होता तो, नाव बदललेला.
पैसे त्यांनीही घेतलेच की. मग पाऊण तास ऐकणारा महाग कसा?
आणि घरचा धंदा असेल तर त्या माणसाची लाज पणाला लागलेली असते. उद्या तुम्ही त्याला बाजारात भेटणार आहात.

तिरकस :
ताई, वाईट झालं, खरंच. पण ते बाजारात भेटण्याचं सोडा, आधी पाटीवर ज्याचं नाव आहे तो मालक आहे का हे तरी कुठे माहीत असतं?
अमेरिकेतली ह्या धंद्यातली सगळ्यात मोठी कंपनी सर्विस कॉर्पोरेशन इंटरनॅशनल. १९६२ साली ह्यूस्टनमधे रॉबर्ट वॉलट्रिप नावाच्या माणसाने काढली, आणि हा माणूस स्वतः खानदानी फ्युनरल होममधलाच, घरचा धंदा हातात घेतलेला. पुढे अशी घराणीच्या घराणी विकत घेत गेले आणि पाट्या मात्र जुन्याच ठेवल्या, कारण लोक नाव बघून येतात. मागे गाड्या एक, एम्बामिंगची खोली एक, माणसं एक, पुढे पाच घराण्यांची पाच नावं.
कॅनडातला रे लोवेन, तोही वडलांच्या फ्युनरल होममधून आलेला. तोही घेत सुटला. मिसिसिपीतल्या ओकीफ नावाच्या खानदानी धंदेवाल्याशी व्यवहार फिसकटला, ते कोर्टात गेले आणि १९९५ साली ज्युरीने लोवेनच्या कंपनीला ५० कोटी डॉलरचा दणका दिला. पुढे तडजोड कमी रकमेवर झाली पण १९९९ मधे कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केलाच.
म्हणजे खानदानीला गिळणाराही खानदानीच. घराणं वगैरे शब्दांवर मी फार भाळत नाही.

निवांत :
ही पाटीची भानगड मला अजिबात माहीत नव्हती 😳

नाममात्र :
धागा वाचून गंमत वाटतेय. 'खास तुमच्यासाठी' असं परक्याने म्हणायचं आणि आपण त्याला पैसे द्यायचे. अरे पूर्वी घरचेच करायचे ना हे सगळं? आंघोळ, कपडे, रात्रभर बसणं. पाश्चात्य देशातसुद्धा हा धंदा सुरू केला तो सुतारांनी, फर्निचर बनवायचे तेच शवपेट्या बनवायचे, मग हळूहळू गाडी पण द्यायला लागले, मग बाकीचंही. अमेरिकेत यादवी युद्धात सैनिकांचे देह लांबून घरी पाठवायचे म्हणून एम्बामिंग वाढलं, १८६५ साली लिंकनचा देह ट्रेनने गावोगाव नेला तेव्हा लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि मग ती रीतच झाली. म्हणजे गरज युद्धाची आणि सवय लागली सगळ्यांना.
खरं पर्सनल म्हणजे आपण स्वतः करणं. बाकी पॅकेज.

वहीतलं_पान :
नाममात्र, बोलायला सोपं आहे. माझा भाऊ विमानात होता, बाबा खुर्चीतून उठत नव्हते आणि मला आईच्या अंगावरचा गाऊन बदलायचा होता. हात पुढे जात नव्हता. सगळ्यांकडे दहा माणसं नसतात हो.

चौथी_पिढी :
खूप वेळ वाचतोय, लिहू का नको करत होतो. आयडीवरून कळलंच असेल, आमचं हेच काम आहे, पणजोबांपासून. वरच्या मजल्यावर आम्ही राहायचो आणि खाली काम चालायचं, त्यामुळे लहानपणी 'जिन्यात धावू नको' ह्याचा अर्थ आमच्याकडे वेगळा होता.
तिरकस, तुम्ही विचारलंत नातवाने काय केलं. मी सांगतो काय करावं लागतं. रात्री दोनला फोन येतो, तेव्हा उचलणारा माणूस जागा वाटला पाहिजे, ही पहिली गोष्ट. मग माणूस नीट आणणं, जिना अरुंद असतो, घरचे बघत असतात, एक धक्का लागला तरी ते आयुष्यभर विसरत नाहीत. दहन असेल तर पेसमेकर आधी काढावा लागतो, आत राहिला तर भट्टीत बॅटरीचा स्फोट होतो. नंबर कोरलेली धातूची चकती असते ती देहाबरोबर आत जाते आणि राखेबरोबर बाहेर येते, तुमच्या हातात दुसऱ्या कोणाची राख पडू नये म्हणून. कागदपत्रं वेगळी.
आणि मग ते 'खास' वगैरे. मी घरच्यांकडे फोटो मागतो, पण लग्नातला नको, साधा, घरातला. कारण भांग कुठल्या बाजूला हे फक्त त्यात कळतं. एकदा एका आजोबांचा भांग मी उलटा पाडला होता आणि आजी काहीच बोलल्या नाहीत, नुसता कंगवा मागितला. तेव्हापासून हा प्रश्न मी पहिला विचारतो. चष्मा घालायचा की नाही, लिपस्टिक लावायच्या का कधी, हे विचारायचे पैसे नाही लावत आम्ही, कुठल्या रकान्यात लावणार?
नाममात्र, घरच्यांनी करायचं म्हणताय तर आमच्याकडे कपडे घालायला घरच्यांना बोलावतो, ज्यांना यायचंय त्यांनी यावं. काही येतात. बरेच दारापर्यंत येतात आणि परत जातात. त्यात चूक काही नाही.
(अवांतर : घानामधे टेशी म्हणून जागा आहे, तिथे सेथ केन क्वेई नावाच्या सुताराने १९५० च्या दशकापासून मासा, विमान अशा आकाराच्या शवपेट्या केल्या, ज्याचं जसं आयुष्य तशी पेटी. घरचं वर्कशॉप पुढच्या पिढ्यांनी चालू ठेवलंय. मी फोटो बघून दोन दिवस हेवा करत होतो. आमच्याकडे कोणी फार तर पेटीच्या आतलं कापड बदलून मागतं.)

तिरकस :
चौथी_पिढी, मनापासून लिहिलंत. चकतीचं मला माहीत नव्हतं आणि कंगव्याचं वाचून दोन मिनिटं थांबलो, खोटं कशाला बोलू.
पण एक विचारतो, सरळ उत्तर द्या. तुमच्या वेबसाइटवर दर आहेत का?

चौथी_पिढी :
नाहीत.

तिरकस :
का नाहीत?

चौथी_पिढी :
आमच्या इथे वेबसाइटवर टाकायची सक्ती नाही. समोर येणाऱ्याला कागद देतो. आणि प्रत्येकाचं वेगळं असतं ना, आकडा बघून लोक घाबरतात, बोलल्यावर कळतं की इतकं लागतच नाही.

तिरकस :
हेच उत्तर मोठ्या कंपनीवाला देतो, शब्दसुद्धा हेच 😄
राग मानू नका, पण बघा, समोर येणारा कोण असतो? ज्याने निर्णय घेतलेलाच असतो. ब्रिटनमधे बाजार नियामकाने चौकशी केली आणि २०२१ पासून ठरलेल्या नमुन्यातली दरांची यादी ऑफिसात, खिडकीत आणि वेबसाइटवर लावायलाच लागते, शिवाय शेवटचा खरा मालक कोण तेही उघड करावं लागतं. म्हणजे पाटी जुनी आणि मालक भलताच हा खेळ तिथे तरी झाकून राहत नाही. आता सांगा, ह्यात नुकसान कोणाचं? जो खरोखर घरचा आहे त्याचा फायदाच की. तुम्ही आणि ती कंपनी लोकांना सारखे दिसता, कारण दोघंही दर लपवता.

वहीतलं_पान :
'लपवता' जरा जास्त होतंय तिरकस. पण मुद्दा बरोबर आहे. आई गेली तेव्हा रात्री दीड वाजता मी फोनवर हेच शोधत होते. ज्यांनी आकडे टाकले होते त्या दोनच ठिकाणी फोन केला मी. बाकीचे कितीही चांगले असतील, त्या वेळी अनोळखी माणसाला 'किती घ्याल' विचारायची ताकद नव्हती. त्या चकाचक ठिकाणी गेलो ते तसेच.

नाममात्र :
म्हणजे नाव चुकवणारा सापडला कारण त्याने दर लिहिले होते, आणि भांग विचारणारा सापडला नाही कारण त्याने लिहिले नव्हते. वा.

चौथी_पिढी :
हे लागलं. असा विचार मी केलाच नव्हता. आमच्या घरात ह्यावर जुना वाद आहे, बाबा म्हणतात आपण काय भाजी विकतो का दर लावायला. मी पण तेच धरून बसलो होतो, आत्ता लक्षात येतंय. एक मात्र मान्य करणार नाही, दर लावले की सगळं सारखं होतं असं नाही, कारण 'देहाची तयारी' ह्या एका ओळीत दहा मिनिटं पण बसतात आणि तीन तास पण. ते यादीत दिसणार नाही कधीच.

तिरकस :
मान्य. ते नाही दिसणार. पण निदान ओळ तरी दिसेल.

चौथी_पिढी :
ठीक. ह्या आठवड्यात टाकतो, बाबांना विचारून.
नको, टाकून मग सांगतो.

निवांत :
धाग्याचा मूळ प्रश्न राहिलाच म्हणून आज मित्राला फोन करून विचारलं, बिलात घड्याळांचं काही लावलं होतं का. तो म्हणाला नाही, घड्याळांचं, टेबल आणण्याचं काहीच नाही. फक्त लोक त्या टेबलापाशी रेंगाळले म्हणून हॉल एक तास जास्त लागला, तेवढ्या तासाचे लावलेत.

तिरकस :
म्हणजे लावलेच की!

वहीतलं_पान :
तो तास मी दुप्पट देऊन घेतला असता.