दिवेलागणीला भाऊ डोकं आपटतो, काय करू?

पांढरकवड्याची ताई
माझा लहान भाऊ 27 वर्षांचा. ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता, दोन्ही. बोलत नाही, "च्या" (चहा) हा एकच शब्द, तोही मनात आला तर. दिवसभर कापसाच्या गंजीवर पाय हलवत बसतो, कोणाला त्रास नाही. दिवेलागणीला बिघडतं. मनगट चावतो (तिथे काळा घट्टा पडलाय) आणि भिंतीवर डोकं आपटतो. दिवाळीपासून फार वाढलंय. परवा आईच्या हाताला चावला. आई 61 वर्षांची, तो 80 किलोचा.

मोठे बाबा म्हणतात, "रातच्यानं बांधून ठेव त्याले." शेजारच्या मावशीच्या मते बाहेरचं आहे. डॉक्टरांनी चिडचिड कमी करायची रिस्पेरिडोनची गोळी वाढवली, तर आता दिवसभर पेंगतो आणि संध्याकाळी तेच. आपटायला लागला की मी च्या-बिस्किट देते, मग थांबतो. बांधायचं नाही हे माझं ठरलंय, पण ते रोज रात्री नव्यानं ठरवावं लागतं.

राळेगावचा भाऊ
जवळपास हडंबा (मळणीयंत्र) चालू होता का? आमच्या पुतण्याले तो आवाज अजिबात सहन नाही होत. कानावर हात ठेवून पळते.

पांढरकवड्याची ताई
नाही हो, सोयाबीन दसऱ्यातच निघालं.

निवृत्त गुरुजी, आर्वी
ताई, मी विशेष शाळेत 26 वर्षं होतो. अचानक वाढलंय ना? मग आधी शरीर बघा. दाढ, कान, पोट. शौचाला रोज होते का? या गोळीनं बद्धकोष्ठही होतं. गोळी मनानं बंद करू नका, पण वजन वाढतंय, पेंगतोय हे डॉक्टरांना सांगा, साखर तपासून घ्या. एका पोराबद्दल मी महिनाभर "हट्टी आहे" असं लिहीत होतो. शेवटी कानातून पू आला. ते अजून खुपतं.

सोबत एक वही घाला. आपटायच्या आधी काय चाललं होतं, त्यानं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. मिळालं काय, तर च्या! डोकं आपटलं की च्या येतो हे तो शिकलाय. यात तुमची चूक नाही, शाळेत आम्हीही हेच करायचो. त्याचा एक कप ठरवा. कप पुढे केला की च्या, आपटायच्या आधी. सुरुवातीला एकदाही चुकू नका. आपटतच असेल तर मध्ये गोधडी धरा, बोलू नका, भोवतीची गर्दी हटवा.

मूर्तिजापूरची आई
वेगळं सांगते. 18 नंतर आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा 1999 खाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. आई आहे तोवर करून घ्या. त्याच न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला 1 लाखापर्यंत खर्च मिळतो, तोही काढा.

पांढरकवड्याची ताई (तीन आठवड्यांनी)
गुरुजी, दाढच होती.

वहीत आठ दिवस काहीच कळेना. मग एक गोष्ट दिसली, जी मी दिवाळीपासून बघत होते. तो उजवा गाल रांजणाला लावून उभा राहतो. एवढ्या थंडीत, अंगात स्वेटर आणि गाल ओल्या रांजणाला! आम्ही हसायचो त्याला. बिस्किटही भिजवून डावीकडूनच चावायचा. जवळच्या दवाखान्यात तोंड उघडलं नाही, तर "शांत करून आणा" म्हणून परत पाठवलं. शांत असता तर आणलाच कशाला असता? शेवटी नागपूरला भूल देऊन दोन दाढा काढल्या.

आपटणं आठ दिवसांपासून बंद आहे. मनगट चावणं आहे, पण वहीत बघितलं तर बहुतेक लाइन गेल्यावर. आता अंधार पडायच्या आधीच त्याच्या हातात टॉर्च देते. कधी जमतं, कधी नाही.

कप मात्र चौथ्या दिवशी पुढे आला. भाकर तव्यावर टाकून मी उठले, ती करपली. आता दिवसातून अकरा वेळा येतो. काय करू?

निवृत्त गुरुजी, आर्वी
चुकू नका असं मीच सांगितलं, खापर माझ्यावर. कपात अर्धाच भरत जा.