मनीच्या मनी वसे ते तिच्या स्वप्नी दिसे?

मऊपंजा (धागाकर्ती)

मांजराला स्वप्नं पडतात म्हटलं की लोक कौतुकाने हसतात आणि विषय बदलतात. मला ते हसणं खटकतं. हा काही मांजरवेड्यांचा लाडिक समज नाही, प्रयोगशाळेत तपासलेली गोष्ट आहे.

झोपलेलं मांजर नीट बघा. पंजे पोटाखाली घेऊन बसल्या बसल्या डुलकी लागते तेव्हा मान ताठ असते, कान आवाजाकडे वळत राहतात. मग केव्हातरी मानेतला जोर जातो आणि डोकं कलंडतं. पापण्यांखाली बुबुळं फिरायला लागतात, मिश्या थरथरतात, शेपटीचं टोक उडतं. खिडकीबाहेरची चिमणी बघून जबडा कटकट वाजतो ना, तसाच झोपेतही वाजतो.

फ्रान्समध्ये लियाँला झोपेचे संशोधक मिशेल जुव्हे यांनी १९५९ साली या अवस्थेला 'विरोधाभासी झोप' म्हटलं. मेंदू जागा, अंग लुळं. हा लुळेपणा मस्तिष्कस्तंभातला, म्हणजे मेंदूच्या बुडाशी असलेल्या देठातला, एक छोटासा भाग घडवून आणतो. तो भाग निकामी केल्यावर जुव्हेंची मांजरं झोपेतच उठायला लागली. नसलेल्या कशावर तरी नजर लावायची, दबा धरायचा, झडप घालायची. समोर खरंखुरं काही ठेवलं तर त्याकडे लक्षही नाही. ही स्वप्नं नव्हेत तर काय, कवायत?

शंकेखोर

हो, कवायतच! प्रयोगात दिसली ती हालचाल, स्वप्न नाही.

मांजराच्या पिल्लाचे डोळे उघडायला आठवडा-दीड आठवडा लागतो. त्याआधी ते झोपेत मोठ्या मांजरापेक्षा कितीतरी जास्त चुळबुळतं, पाय झाडतं. त्याने ना उंदीर पाहिलाय ना चिमणी. ते कसली स्वप्नं बघतंय? तिथे मज्जासंस्था स्वतःची जोडणी तपासून घेत असावी. मोठेपणी तीच यंत्रणा चालू राहिली की आपण तिला 'शिकारीचं स्वप्न' म्हणून मोकळे.

हॉब्सन आणि मॅकार्ली या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९७७ मध्ये हेच मांडलं होतं. मस्तिष्कस्तंभातून संकेत उसळतात आणि वरचा मेंदू त्यांची कशीबशी गोष्ट जुळवतो. आता अशी गोष्ट जुळवणारा कारागीर मांजराच्या डोक्यात आहे का, ते सांगा.

वात्रट उंदीर

आमच्या जमातीचा उल्लेख झाला म्हणून बोलतो. २००१ मध्ये एमआयटीत लुई आणि विल्सन यांनी आम्हाला गोल मार्गावर पळवलं, आणि नंतर त्याच विरोधाभासी, म्हणजे स्वप्नाच्या झोपेत आमच्या मेंदूतल्या पेशी त्याच क्रमाने पेटताना पाहिल्या. झोपेतला उंदीर मार्गावर कुठवर 'पोचलाय' तेसुद्धा त्यांना सांगता येत होतं. उंदराला जे जमतं ते मांजराला जमत नाही म्हणणं म्हणजे फारच झालं. बाकी आमच्या स्वप्नात मांजर येतं, एवढं मी शपथेवर सांगतो.

शंकेखोर

वात्रटराव, उजळणी पेशींची झाली. ती कुणाला 'दिसली' का?

दुपारची झोप

शंकेखोर, या प्रश्नाला माणसाकडून उत्तर मिळालंय. १९८६ साली शेंक आणि माहोवाल्ड यांनी अमेरिकेत असे रुग्ण नोंदवले, ज्यांचं अंग स्वप्नाच्या झोपेत लुळं पडतच नाही. बहुतेक उतारवयातले पुरुष. झोपेत गुद्दे मारतात, पलंगावरून उडी घेतात. उठवून विचारलं की सांगतात, कुणीतरी अंगावर आलं होतं, मी स्वतःला वाचवत होतो. म्हणजे सांगितलेलं स्वप्न आणि केलेली हालचाल पुष्कळदा जुळते. बिघाड जवळपास तोच, जो जुव्हेंनी मांजरांत मुद्दाम केला होता. मग तशाच हालचालीला माणसात स्वप्न म्हणायचं आणि मांजरात कवायत, हे कुठल्या न्यायाने? मांजराला उठवून विचारता येत नाही, एवढाच फरक.

शंकेखोर

'एवढाच'? अहो, सगळा वाद त्या एका फरकावर तर उभा आहे.

कुंपणावरची

झोपेचं राहू द्या, जागेपणी काय चाललंय तेच आपल्याला धड माहीत नाही. क्योतो विद्यापीठातल्या साहो ताकागी यांच्या चमूने २०२१ मध्ये एक गमतीदार प्रयोग केला. मांजराला मालकाचा आवाज एका जागेहून ऐकवला आणि लगेच, माणूस पोचूच शकणार नाही इतक्या कमी वेळात, दुसऱ्या जागेहून. मांजरं चकित झाली. कान वळले, माना वळल्या. म्हणजे तुम्ही नजरेआड असताना तुम्ही कुठे आहात याचा हिशोब त्या डोक्यात चालू असतो. बघून न बघितल्यासारखं करणारा तो महाभाग तुमचा ठावठिकाणा ठेवून असतो! मला याच्या तुलनेत स्वप्नं बिनमहत्त्वाची वाटतात.

शंकेखोर

हा पुरावा मला जास्त पटतो. इथे अपेक्षा आहे आणि तिचा भंगही. झोपेतल्या मिश्यांत तसं काही नाही.

ओलं नाक

पण झोपेचं हे ज्ञान आलं कुठून तेही लिहा ना. जुव्हेंच्या प्रयोगांच्या काळात मांजरांना पाण्यात उपड्या ठेवलेल्या कुंडीवर बसवायचे. साधी झोप लागायची, पण स्वप्नाची झोप आली की मान ढिली पडून तोंड पाण्याला लागायचं आणि जाग यायची. असं दिवसेंदिवस. आत कुणीच नाही असं वाटत असेल, तर वाचताना अंगावर काटा का येतो?

शंकेखोर

त्यांना त्रास झाला हे मानायला स्वप्नाचा पुरावा कशाला हवा? जागेपणीची तगमग पुरेशी आहे. मला निर्दयांच्या रांगेत बसवू नका.

मऊपंजा

कुणी बसवत नाहीये हो. पण पिल्लाच्या मुद्द्यावर एक उत्तर देते. पिल्लाची चुळबुळ ही जोडणी असेल, मान्य. म्हणून मोठ्या मांजराचीही तेवढीच असेल, हे कशावरून? बाळाचं बोबडं 'बाबाबा' नुसता जिभेचा सराव असतो. मोठ्याचं बोलणंही तेवढंच आहे असं आपण म्हणत नाही.

नवी मांजरवाली

मध्येच विचारते. आमची झोपेत कण्हते आणि पाय झाडते. उठवायचं का?

दुपारची झोप

नको. दचकून नखं मारेल. फारच वाटलं तर लांबून हाक मारा.

शंकेखोर

इथे मात्र दुपारची झोप यांच्याशी सहमत. फक्त फरक ओळखा. स्वप्नाच्या झोपेत हालचाल तुटक असते आणि हाक मारल्यावर मांजर जागं होतं. सगळं अंग ताठ झालं, लाळ गळली, झोपेतच लघवी झाली, हाकेला जाग आली नाही, तर ती फेफऱ्याची लक्षणं असू शकतात. मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि पशुवैद्यांना दाखवा.