‘ओन्ली यू’ची तबकडी: खरे प्लॅटर्स कोणते?

प्रश्न (मालवण): माझे आजोबा मालवाहू बोटीवर खलाशी होते. त्यांनी आणलेल्या तबकड्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सापडल्या. खाऱ्या हवेने पाकिटांना बुरशी धरली आहे. एक तबकडी मात्र अजून वाजते. लेबलवर ‘मर्क्युरी’, ‘द प्लॅटर्स’ आणि ‘ओन्ली यू’ एवढे वाचता येते. शोध घेतला तर या गाण्याची दोन जुनी ध्वनिमुद्रणे आणि ‘द प्लॅटर्स’ याच नावाचे गायकांचे अनेक संच सापडले. माझ्याकडे नेमके काय आहे?

उत्तर (रत्नागिरी): लेबल मर्क्युरी कंपनीचे असेल तर तो आवाज मूळ संचाचे मुख्य गायक टोनी विल्यम्स यांचा मानावा. लॉस एंजेलिसच्या या संचाने हे गाणे १९५४ मध्ये फेडरल कंपनीसाठी गायले होते, परंतु कंपनीने ते तेव्हा बाजारात आणले नाही. मर्क्युरीला खरे तर ‘अर्थ एंजल’ या गाण्यामुळे गाजलेला पेंग्विन्स हा संच हवा होता, पण दोन्ही संचांचे काम पाहणारे बक रॅम यांनी प्लॅटर्सनाही घ्यावे लागेल, अशी अट घातली. म्हणजे ज्यांना पदरात घालून घेतले, त्यांनीच पुढे कंपनीला मोठे यश दिले. १९५५ मध्ये मर्क्युरीसाठी पुन्हा मुद्रित झालेले ‘ओन्ली यू’ अमेरिकेच्या पॉप यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेले. त्यानंतर ‘द ग्रेट प्रिटेंडर’ व ‘माय प्रेयर’ (१९५६), ‘ट्वायलाइट टाइम’ (१९५८) आणि ‘स्मोक गेट्स इन युअर आइज’ ही चारही गाणी पहिल्या क्रमांकावर पोहोचली. शेवटचे मूळचे १९३३ चे. जुनी गाणी नव्याने उजळण्यात या मंडळींचा हातखंडा होता.

उत्तर (कणकवली): मी भजनात कोरसला बसतो, म्हणून गायकीविषयी लिहितो. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्यात, बुवांनी चरण टाकला की कोरस तो झेलतो. येथे मुख्य गायक गात असतानाच मागचे गळे ‘ऊ’, ‘आ’ असे लांब स्वर धरून ठेवतात आणि त्यांच्या तळाशी हर्ब रीड यांचा खर्ज असतो. झोला टेलर या एकमेव स्त्री-सदस्य. ‘ओन्ली’ शब्दाच्या पहिल्याच स्वरावर विल्यम्स यांचा आवाज उचकी लागल्यासारखा तुटून वर जातो, तो क्षण लक्ष देऊन ऐका. आमच्या बुवांना ऐकवले, तेव्हा त्यांनी सुई तीनदा मागे नेण्यास सांगितले!

उत्तर (रत्नागिरी): नावाचे राहिले होते. तबकड्यांना रेडिओवरचे निवेदक ‘प्लॅटर’ म्हणत, त्यावरून ते रीड यांनी सुचवले. १९५६ मध्ये संचाची कंपनी करून पाचही जणांना समभाग दिले गेले. विल्यम्स १९६० मध्ये बाहेर पडले, इतरही एकेक करून गेले आणि जो तो ‘प्लॅटर्स’ म्हणवून कार्यक्रम करू लागला. त्यातून कोर्टकचेऱ्या उद्भवल्या. रीड यांचा नावावरचा हक्क न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला, आणि पुढच्याच वर्षी ते वारले.

प्रश्नकर्ता (मालवण): आभारी आहे. उचकी ऐकू आली. आजीला आजोबांविषयी विचारले, तर ती म्हणाली, “तेंका त्याच जाग्यार ठसको लागायचो, माका वाटला गळोच खराब.”