मदत हवी आहे: ९० दिवसांचा नोटीस पिरियड आणि हातात आलेली ऑफर

नमस्कार मंडळी. मी हिंजवडी फेज ३ मधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ४ वर्षं जावा डेव्हलपर आहे. गेल्या महिन्यात बाणेरच्या एका प्रॉडक्ट कंपनीत इंटरव्ह्यू दिले. कोडिंगच्या दोन फेऱ्या, मग सिस्टीम डिझाइन. त्या तिसऱ्या फेरीत कॅशिंगवर (वारंवार लागणारा डेटा हाताशी साठवून ठेवणं) अडखळले, तरी निवड झाली. खूप आनंद झाला, खरंच.

पण त्यांना मी ४५ दिवसांत रुजू व्हायला हवी आहे आणि माझा नोटीस पिरियड ९० दिवसांचा. मॅनेजर म्हणतात, प्रोजेक्ट संपेपर्यंत सोडणार नाही. अपॉइंटमेंट लेटरमध्ये उरलेल्या दिवसांचा बेसिक पगार भरून मोकळं होता येईल असं लिहिलंय, पण पुढे 'कंपनीच्या संमतीने' हे शब्द आहेत. तिथेच घोडं अडलंय.

रिलिव्हिंग लेटर (कंपनीने नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) न घेता निघायचं नाही, हे माझं पक्कं आहे. पुढे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला ते लागतंच, शिवाय पीएफच्या नोंदीत जुन्या नोकरीची शेवटची तारीखही नीट यायला हवी.

अशी संमती कोणी मिळवली आहे का? एचआरला मेल आधी करावा की मॅनेजरशीच पुन्हा बोलावं? नव्या कंपनीकडे मुदत वाढवून मागितली तर ऑफर जाते का? शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय.