मदत हवी आहे: पोलो जीटी टीएसआयला ऑक्टाव्हियाचे १७ इंची रिम, ॲडॅप्टर लेथवर बनवले तर चालतील का?

पराटी_टर्बो (दारव्हा, जि. यवतमाळ)
गाडी पोलो जीटी टीएसआय, २०१४. रिम १५ इंची, मागे ६जे (६ इंच रुंद) ईटी ४० (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारं तोंड किती मिमी बाहेर आहे ते) कोरलेलं आहे, टायर १८५/६० आर१५. नागपुरात ऑक्टाव्हियाचा १७ इंची सेट स्वस्तात मिळून राहिला: ७जे, ईटी ४९, सोबत २२५/४५ चे टायर. माझ्या हबचा पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) ५×१००, म्हणजे ५ बोल्ट १०० मिमीच्या वर्तुळावर, त्या रिमचा ५×११२. लेथवाला २० मिमीच्या लोखंडी प्लेटमधून चार ॲडॅप्टर (हब आणि रिमच्या मध्ये बसणाऱ्या चकत्या) करून देतो म्हणतो. रिम बसतील का? आणि आपल्या इकडच्या रस्त्यांवर पुढे काय त्रास होईल?

हब_सेंट्रिक
भाऊ, पैसे देण्याआधी आकडे मांडू. २० मिमीचा ॲडॅप्टर लागला की ईटी ४९ चा २९ होतो, म्हणजे चाक आताच्यापेक्षा ११ मिमी बाहेर. रिम एक इंच जास्त रुंद, म्हणून दोन्हीकडे १२.७ मिमी वाढ. हिशेब केला तर रिमची बाहेरची कड जवळपास २४ मिमी बाहेर येते, आतली शॉकॲबकडे जेमतेम २ मिमी सरकते. आतून अडचण नाही. बाहेरून मात्र नक्की आहे, कारण टायरही रुंद आहे. त्याची भिंत साधारण ३० मिमी बाहेर येईल.

त्यात टायरचा व्यास ६०३ वरून ६३४ मिमी होतो. मागे तीन माणसं बसली आणि डिकीत खताची पोती असली, की पहिल्याच खड्ड्यात टायर फेंडरच्या कडेला घासेल. स्पीडोमीटरही आताच्यापेक्षा ५ टक्के कमी दाखवेल.

व्यास जुळवायला २१५/४० आर१७ घेतला तर भिंत उरते ८६ मिमी, आता ती १११ आहे. काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो आणि डांबराच्या कडा उघड्या पडतात. तिथे ८६ मिमीची भिंत रिम वाचवत नाही. चाक बाहेर गेल्यामुळे खड्ड्याचा झटका स्टिअरिंगला जास्त लागतो आणि बेअरिंगवर ताणही वाढतो.

आटे_मोजा
लेथच्या ॲडॅप्टरबद्दल. लोखंड ताकदीला कमी पडेल असं नाही, खरा प्रश्न मापाचा आहे. दोन्ही तोंडं एकमेकांना समांतर हवीत, मागचा बोअर (मधलं भोक) हबच्या ५७.१ मिमीच्या ओठावर (मधल्या उंच गोल कडेवर) घट्ट बसायला हवा आणि पुढे रिमसाठी तसाच ५७.१ चा ओठ हवा. साध्या प्लेटला तो ओठ नसतो, मग सगळं सेंटरिंग बोल्टवर येतं आणि ८०-१०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं. वजनही बघा: १५० मिमी व्यासाची २० मिमी लोखंडी चकती बोअर वजा जाता सुमारे २.४ किलो भरते, ॲल्युमिनियमची ०.८. हे वजन स्प्रिंगच्या खालचं, म्हणून जास्त जाणवतं. भंगारातल्या ॲल्युमिनियममधून तर मुळीच करू नका, त्यातले आटे उपसून येतात. घ्यायचाच तर ६०६१-टी६ या मजबूत ॲल्युमिनियमचा, हबच्या मापाचा तयार ॲडॅप्टर घ्या. असे दोन ॲडॅप्टर किंवा स्पेसर एकावर एक कधीच लावू नका.

बसवताना हबचं तोंड तारेच्या ब्रशने चकचकीत करा. थोडा गंज राहिला तरी ॲडॅप्टर तिरका बसतो. कॉपर ग्रीसचा पातळ हात फक्त ओठावर द्या, बोल्टचे आटे कोरडे ठेवा. आधी ॲडॅप्टर त्याच्याच बोल्टने हबवर, नंतर रिम ॲडॅप्टरवर. दोन्ही वेळा एक सोडून एक बोल्ट आवळत १२० न्यूटन-मीटर, टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना). पंक्चरवाल्याच्या एअरगनचा भरवसा नाही. ५० ते १०० किमीनंतर रिम उतरवून आतले बोल्टही पुन्हा तपासायचे. बहुतेक लोक बाहेरचेच आवळतात आणि आतले ढिले राहतात.

एक मोजमाप कुणी करत नाही, ते तुम्ही करा. बोल्ट रिममधून घालून मागे किती बाहेर येतो ते बघा. एम१४×१.५ ला (१४ मिमी जाड बोल्ट, दर फेऱ्याला १.५ मिमी) किमान १४ मिमी, म्हणजे ९ फेरे पकड हवी. पण २० मिमीच्या ॲडॅप्टरमध्ये तो १८ च्या वर गेला तर टोक हबला टेकू शकतं. तेव्हा रेंच १२० दाखवतो, रिम मात्र दाबलेलाच नसतो.

हब_सेंट्रिक
माझं स्पष्ट मत, हा सेट सोडा. व्हेंटो, रॅपिड, फाबिया या तिघींचा पीसीडी ५×१०० आणि बोअर ५७.१ च आहे. त्यांचा १६ इंची रिम ॲडॅप्टरशिवाय बसतो. १९५/५५ आर१६ टायर घाला, भिंत १०७ मिमी मिळते. आरसीतल्या मापापेक्षा वेगळं केलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, विमा कंपनीही क्लेमच्या वेळी विचारते. म्हणून टायरचं माप बदलण्याआधी दोन्हीकडे विचारून घ्या.

पराटी_टर्बो
पटलं भाऊ, व्हेंटोचे शोधतो. माझे आताचेच बोल्ट चालतील नं?

आटे_मोजा
कंपनीचा रिम असेल तर तेच चालतील, त्यांचं बूड (डोक्याखालचा रिमला टेकणारा भाग) गोल असतं. बाहेरच्या ब्रँडचा असेल तर बहुतेकदा ६० अंशाच्या शंकूचे बोल्ट लागतात. गोल बुडाचा बोल्ट शंकूच्या खड्ड्यात एका रेषेवरच टेकतो आणि हळूहळू ढिला होतो. अशा रिमचा बोअरही मोठा असतो, ७३.१ वगैरे, तेव्हा मधली फट भरणारी ५७.१ ची हब रिंग सोबत घ्या. आणि पावसात शेतरस्त्याने गेलात की रिमच्या आतल्या बाजूला साचलेला गारा त्याच दिवशी धुऊन काढा. वाळला की चाकाचं बॅलन्सिंग बिघडतं आणि माणूस उगाच बेअरिंगवर शंका घेतो.