अनुभव धागा: पेठेतल्या जुन्या इमारतीचं वय कसं काढता?

कर्नाटकातल्या बेळगाव भागातली निपाणी, संकेश्वर, खानापूर, शहापूर. प्रत्येक पेठेत खाली दुकान, वर माडी अशा इमारती आहेत. "शंभर वर्षं झाली असतील" एवढंच नको. वय कशावरून ठरवलंत आणि कुठं फसगत होते, तेवढं लिहा.

१.
सुरुवात कागदापासून करा. आधी सिटी सर्व्हे नंबर आणि प्रॉपर्टी कार्ड. नंबरापुढे अ, ब लागला असेल तर वाटणी झालीय. मूळ नंबराचंही कार्ड मागा, नाहीतर इतिहास वाटणीपासूनच सुरू होतो. ऑनलाइन ई.सी. (मिळकतीवरच्या व्यवहार-बोज्यांचा दाखला) साधारण २००४ पासूनची मिळते. त्याआधीची सब-रजिस्ट्रार कचेरीतून हाताने शोधून घ्यावी लागते.

जुन्या खरेदीखतात रस्त्याचं नाव बहुधा नसतं, चतुःसीमा असते: पूर्वेस अमक्याचं दुकान, दक्षिणेस बोळ. एकाच खतावर विसंबू नका. दोन्ही शेजाऱ्यांची खतं काढून सीमा जुळवा. "खुली जागा" असा उल्लेख कुठल्या खतात थांबतो आणि "इमारत" कुठल्या खतात येते, त्या दोन तारखांच्या मधे बांधकाम. ही रीत मला सगळ्यात भरवशाची वाटते.

क्षेत्र चौरस वारात असेल तर नवानं गुणा, चौरस फूट येतील. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. किंमत रुपये-आणे-पैत असेल तर व्यवहार बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा.

२.
वरच्यात भर. हा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे पुष्कळ जुने दस्त मराठीत, त्याहून जुने मोडीत. पुढच्या नोंदी कन्नडमध्ये. तिथं आकडे जपून वाचा, मराठी डोळ्याला कन्नड एक हा शून्यासारखा दिसतो. नक्कल करताना सर्व्हे नंबर तिथंच चुकतो.

शहापूर सांगली संस्थानात होतं. तिथल्या १९४८ आधीच्या व्यवहाराचे कागद संस्थानी दप्तरातले असणार, हे धरूनच शोध घ्या.

३.
कागद राहू द्यात, माळ्यावर चढा की ओ! बॅटरी घेऊन कौलाच्या पोटाकडं बघा. मंगळुरी कौलावर कारखान्याचा नि गावाचा ठसा असतो. मंगळुरात बासेल मिशनचा कारखाना १८६५ चा, म्हणजे तशी कौलं त्याआधीची नाहीत. आपल्याकडं खानापूरचीही भरपूर सापडतात. वळचणीची कौलं धरू नका, ती दर पावसाळ्याआधी बदललेली असतात. उताराच्या मधली वीस-पंचवीस बघा आणि जो ठसा जास्त तो धरा.

वाशांवर रिपांच्या मधेमधे खिळ्यांची जुनी भोकं दाट दिसली, तर आधी नळीची कौलं असण्याची शक्यता. मग छप्पर नवं, भिंती जुन्या.

४.
लोखंडी तुळईच्या अंगावर उठावाची अक्षरं असतात. रंग खरवडू नका, वर कागद धरून कोळसा घासा आणि ठसा घ्या. "टाटा" असेल तर १९१२ च्या आधीची नाही. पण तुळई दुसरीकडची जुनी विकत आणून बसवलेलीही असते. टोकाला बिनकामाची भोकं असतील तर तोच संशय.

५.
दर्शनी भागावरच्या सालावर विश्वास नको. रस्ता रुंद झाला की पुढचे पाच-सात फूट जातात, तिथं नवं सिमेंट येतं आणि मालक त्याच वर्षाचा आकडा कोरतो. मागच्या बोळातून भिंत बघा: जांभा, चुना, वर विटा. दुकान बंद करायला लावायच्या सुट्या फळ्यांची खाच उंबऱ्यात शिल्लक आहे का? फळ्यांवर आतून अनुक्रम घातलेला असतो, एक ते चौदा असा. मधल्या दोन-तीन नसतील तर शटर लागताना दार अरुंद केलंय.

तंबाखूची वखार ओळखायची तर दार बघा. बोदं (तंबाखूचे मोठे गठ्ठे) आत न्यायला रुंद, खिडक्या मोजक्या.

६.
तारखेवर "शके" असेल तर ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. संस्थानी कागदात फसली (महसुली सन) आली तर ५९०, जानेवारी ते मे ५९१. गुजराती पेढीच्या वहीत संवत असतो, त्यातून ५६ किंवा ५७ वजा. तिन्ही प्रकार एकाच इमारतीच्या कागदांत येऊ शकतात, म्हणून मूळ आकडा आधी जसाच्या तसा उतरवा, बेरीज शेजारी पेन्सिलीनं.