शेतांची जुनी नावं कुठे सापडतील?

माळावरची: मंडळी, आमचं गाव पारनेर तालुक्यात. गावातली शेतं, ओढे, टेकड्या यांची नावं मी वहीत उतरवून घेतेय. आजी 'तेलीणदरा', 'खळवाडी', 'थोरला मळा' असंच बोलते. भाऊ नुसता गट नंबर सांगतो. आजीच्या पिढीबरोबर ही नावं जातील, याची मला खरंच धास्ती आहे. कागदावर ती कुठे मिळतील? आणि अर्थ लावताना भरवसा कशावर ठेवायचा? पारनेर हे नाव पराशर ऋषींवरून पडलं, असं आमच्याकडे सगळेच सांगतात.

गोदाकाठ: ताई, आधी नावाचं शेपूट बघा. संगमनेर, अमळनेर, जामनेर यांतही तोच 'नेर' आहे, आणि तो 'नगर'वरून आला असं अभ्यासक मानतात. डोंबिवली, कणकवली यांतला 'वली' तसाच 'पल्ली'चा.

भरवसा जुन्या लेखावर. आमच्या जालना जिल्ह्यातलं भोकरदन घ्या. नाव ऐकलं की भोकराचं झाड डोळ्यांसमोर येतं. पण सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांचे लेख आहेत, त्यांत भोगवर्धन गावची माणसं आहेत, आणि ते भोगवर्धन म्हणजेच आजचं भोकरदन. नाव दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलेलं मिळालं, म्हणून झाडाचा तर्क मागे पडतो. प्रतिष्ठानचं पैठण, तगरचं तेर हेही असेच. लेख मिळत नसेल तर पराशर ऋषींची कथा वहीत जरूर ठेवा, फक्त 'गावात असं सांगतात' एवढं पुढे लिहा.

फेरफार: माझी सगळी नोकरी तलाठी म्हणून झाली. सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना असतो. बहुतेक उताऱ्यांवर तो कोरा दिसेल, पण जुने हस्तलिखित सातबारे काढा, त्यांत नावं भरलेली सापडतात. 1947 च्या कायद्याने जमिनींचं एकत्रीकरण झालं, तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाचा उतारा मागा. कुठला जुना नंबर कुठल्या गटात गेला ते त्यात कळतं. तो हाती नसेल तर आजीचं शेत नकाशावर सापडणार नाही.

माळावरची: फार मोलाची माहिती दिलीत, काका. अजून एक. शेजारी एकाच नावाची दोन गावं आहेत, एक बुद्रुक, एक खुर्द. खुर्द गाव तर बुद्रुकच्या दुप्पट आहे!

फेरफार: बुद्रुक म्हणजे फारसी 'बुजुर्ग', थोरलं. खुर्द म्हणजे धाकटं. दफ्तरात फारसी होती तेव्हाची ही ओळख, सातबाऱ्यावर अजून बु. आणि खु. अशी लिहितात. पुढे रस्ता, पाणी, बाजार जिकडे गेला तिकडे वस्ती वाढली. दफ्तरातलं नाव तेच राहिलं. एका नावाची गावं वेगळी ओळखायला दुसरीही रीत आहे. तुमच्याच तालुक्यात राळेगण सिद्धी आणि राळेगण थेरपाळ आहेत की.

गोदाकाठ: आणि गुराख्यांना, मेंढपाळांना विचारायला विसरू नका. शेतकऱ्याला आपल्या बांधापुरती नावं ठाऊक असतात. डोंगरातले दरे, खिंडी, पाणवठे त्यांनाच माहीत. घरात बसून विचारू नका, त्यांच्याबरोबर रानात चालत जा. जागा समोर आली की नाव आपोआप तोंडात येतं. आवाज मोबाईलवर घ्या, कारण 'दरा' की 'दरी' हे नुसत्या वहीवरून पुढे कुणाला कळणार नाही.